मुक्ताच्या क्रीमच्या डबीत काय होतं

हे मी आजपर्यंत कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही. तुम्हालाही सांगवेल की नाही, कोण जाणे. दोनदा लिहायला बसले आणि दोनदा उठून भांडी घासून आले.

पालमला माझं पार्लर आहे. घराचीच पुढची खोली — एक फिरती खुर्ची, आरसा, बाकडं. आयब्रो, फेशियल, नवरीचा मेकअप. नांदेडला तीन महिन्यांचा क्लास केला होता, तेवढंच शिक्षण. पण बायका लांबून यायच्या त्या आयब्रोसाठी नाही. यायच्या माझ्या क्रीमसाठी. पांढरी छोटी डबी, वर कसलंच नाव नाही. ‘ताईची घरगुती क्रीम’ म्हणायच्या. मीही तेच म्हणायचे. केशर, हळद, बदामाचं तेल — अगदी पाठ होतं मला.

घरगुती होती, एवढं खरं. माझ्याच स्वयंपाकघरात कालवायचे ना मी.

मुक्ता पहिल्यांदा आली ती आईचा, गयाबाईचा, हात धरून. एकोणीस वर्षांची. घरची मेंढरं, शेतकऱ्यांच्या रानात खतासाठी नेऊन बसवायची, रोज नव्या रानात. सगळा जन्म उन्हात गेलेला. लग्न ठरलं होतं देवगाव फाट्याकडं. मुलगा बरा होता, पण सासूनं बोलून दाखवलं होतं — पोरगी कामाची हाय, जरा उजळ असती तर बरं झालं असतं. गयाबाई ते सांगताना हसली. मुक्ता हसली नाही. ती आरशाकडं पाठ करून बसली होती.

मी डबी दिली.

महिन्याभरात पोरगी ओळखू येईना. लग्नात तिचा मेकअप मीच केला. सासूनं माझा हात हातात घेतला, जादू केली म्हणाली. मला किती बरं वाटलं असेल? लय बरं वाटलं. खोटं कशाला बोलू — आता तरी?

लग्नानंतर मुक्ताची क्रीम सुटेना. चार दिवस लावली नाही की तोंड लाल व्हायचं, आग व्हायची, उन्हात उभं राहवायचं नाही. मी म्हणायचे, सवय मोडली ना, म्हणून. लाव परत. डोळ्यांखालची काळी वर्तुळं जावीत म्हणून पापण्यांच्या काठापर्यंत लाव, असंही मीच दाखवलं. माझ्या बोटानं. गयाबाई एसटीनं येऊन डब्या न्यायची. दोन वर्षं.

मग मुक्ताचं डोकं दुखायला लागलं. बल्बभोवती रंगीत कडं दिसायलंय म्हणायची. चालताना डावीकडं दाराला धडकायला लागली, तेव्हा परभणीला डोळ्याच्या डॉक्टरांकडं नेलं. डोळ्यातला दाब वाढलेला. एवढ्या तरण्या पोरीला काचबिंदू कसा, म्हणून डॉक्टरांनी खोदून खोदून विचारलं — कसल्या गोळ्या घेतेस? कसले थेंब? तोंडाला काही लावतेस?

आणि म्हणून गयाबाई एका दुपारी माझ्या दारात उभी राहिली. आत येईना. चपला काढू का नको, असं करत. हातात रुमालात बांधलेली अर्धी डबी.

“ताई, डॉक्टर इचारायलेत, यात काय काय हाय? तेवढं सांगा.”

आता सांगते. मेडिकलमध्ये एक ट्यूब मिळायची, खाजेवरची. स्टेरॉइडची. कुणी चिठ्ठीही मागत नव्हतं. ती साध्या कोल्ड क्रीममध्ये कालवायची, वर चिमूटभर हळद रंगाला. केशर नव्हतंच कधी. मला माल पुरवणाऱ्या माणसानं शिकवलं होतं. त्यानं धोका सांगितला नाही, मग तुम्हाला कसं ठाऊक असणार, असं म्हणाल तुम्ही — पण ट्यूबच्या खोक्यात कागद असायचा. बारीक अक्षरात. मला वाचता येतं. तोंडाला लावू नये, फार दिवस लावू नये, डोळ्यांजवळ लावू नये. मी वाचलं होतं तो कागद. पहिल्याच खोक्यातला. नंतरचे न वाचता चुलीत घातले.

अजून एक. माझी लेक तेव्हा नववीत होती. एकदा आरशासमोर ती डबी उघडून बसली, तर मी तिच्या हातावर असा फटका मारला की बोटं उमटली. तिला वाटलं, विकायचा माल सांडला म्हणून. आता कळलं ना, मला किती माहीत होतं ते?

गयाबाईला मी काय म्हटलं? “काही नाही गं, हळद, केशर, बदामाचं तेल. त्यानं कुठं डोळे जातात?”

तिनं मान हलवली. मग म्हणाली, “मला ध्यानात ऱ्हायचं न्हाई. लिहून देता का?”

मी लिहून दिलं. लेकीच्या वहीचं पान फाडून, चांगल्या अक्षरात. कोरफड हा शब्द जास्तीचा घातला — खरं वाटावं म्हणून. आणि वर एक नवी डबी तिच्या पिशवीत ठेवली.

तो कागद डॉक्टरांना दाखवला. क्रीम चालूच राहिली. थेंब घालायचे आणि क्रीमही लावायची, दोन्ही. आठ महिने. दाब काही उतरेना. शेवटी नांदेडला दुसऱ्या डॉक्टरांनी तोंडाला लावायचं सगळं बंद करायला लावलं, डबीसकट, तेव्हा उतरला. तोवर डावा डोळा गेला होता. उजव्यानं समोरचं दिसतं, बाजूचं नाही. गेलं ते परत येत नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. नवऱ्यानं तिला माहेरी आणून सोडलं. आणायला आला नाही.

मी क्रीम करायची बंद केली. कुणाला कारण सांगितलं नाही. माल येत नाही, एवढंच.

गेल्या आठवड्यात मुक्ता पार्लरमध्ये आली. आधी ओळखलंच नाही. चेहऱ्याची कातडी कागदासारखी पातळ, गालांवर लाल शिरांचं जाळं. धाकट्या बहिणीचा दंड धरून पायरी चढली. बसली. माझ्या गुडघ्यांची चौकशी केली. मग बहिणीला पुढं केलं.

“ताई, हिचं जमलंय. हिला बी ती डबी द्या की. लग्नापुरती. माझं तोंड कसलं उजळलं होतं, आठवतंय ना? तुमी लिहून दिलं तसं डबीत हळद-केशरच होतं. पुढं माझं नशीबच फुटकं निघालं, त्याला तुमी काय करणार?”

खुर्चीत एक गिऱ्हाईक होतं, आयब्रोसाठी डोळे मिटून. माझ्या दातांत दोरा होता. मी दोरा काढला. एवढा वेळ मिळाला होता मला.

“आता येत नाही ती,” मी म्हटलं.

“मग कुठं मिळंल?”

“मला नाही माहीत.”

ती उठली. बहीण म्हणाली, बाजारात दुसरं पार्लर झालंय, तिथं इचारू. दोघी पायरी उतरल्या. रस्ता ओलांडताना मुक्ता मान पूर्ण डावीकडं वळवून बघत होती, गाडी येते का ते. मला हाक मारता आली असती. त्या कोपऱ्यापर्यंत दिसत होत्या.

मी दोरा दातांत धरला आणि दुसरी भुवई करायला घेतली.