अक्कांनी चेहरा बंद ठेवला तेव्हा

ये, अशी जवळ सरक. आल्यापासून बघतेय, माझ्या कपाटाच्या आरशापुढून हलायला तयार नाहीस. डोळ्यांच्या कडेला दोन रेघा काय दिसल्या, तोंड एवढंसं करून बसलीस. पस्तिशीच्या बाईनं असं करावं का गं? चेहऱ्याची निगा म्हणावी तर ती माझ्या मोठ्या नणंदबाईंनी घेतली. अख्ख्या खानदेशात तशी दुसरी बाई झाली नाही, आणि तसा घोटाळाही दुसरा झाला नाही.

त्यांना आम्ही अक्का म्हणतो. धुळ्याला देवपुरात घर. दोन हजार सालानंतरची गोष्ट, अक्का तेव्हा पंचावन्नच्या. दुधाची साय, मसुरीचं पीठ, जळगावकडून कोणी आलं की पिकली केळी, सगळं आधी तोंडाला आणि उरलं तर पोटाला. एकदा केळं थापलेल्या तोंडानं त्यांनी दार उघडलं, तर पोस्टमन पत्र उंबऱ्यावर ठेवून मागच्या मागं फिरला. मी हसले तर म्हणाल्या, "हसा वहिनी. कातडीलाही भूक लागते, हे तुम्हाला माझ्या वयात कळेल."

मग त्यांच्या भाच्यानं परदेशातून एक क्रीम पाठवलं. बोटाएवढी डबी, सोबत मराठीत चिठ्ठी. यात पेप्टाइड म्हणून असतात, म्हणजे प्रथिनांचे अगदी बारीक तुकडे. हसून, रागावून, कपाळ आकसून ज्या रेघा पडतात त्या यानं थोड्या मऊ होतात. रोज झोपताना लाव, तीन महिने धीर धर, पार जातील अशी आशा धरू नकोस. पोरानं सरळ लिहिलं होतं. पण अक्कांचं डोकं सरळ चालेल तर त्या अक्का कसल्या. त्यांनी हिशेब मांडला, की रेघा हसण्या-रागावण्यानं पडतात ना, मग रात्री औषधानं पुसायचं आणि दिवसभर पुन्हा ओढायचं, यात औषधाचा काय दोष? तीन महिने चेहरा हलवायचाच नाही.

आणि बाई, खरंच हलवला नाही. शिंक आली की दोन्ही गाल हातांनी धरून शिंकायच्या. पिंपळनेरच्या लग्नात उखाणा घेतला तो असा, की नवरीच्या आईला वाटलं मानपानात काही राहिलं. शेतात भरीत-पार्टीला सगळ्या हसून लोळत होत्या, आणि या मधोमध पासपोर्टच्या फोटोला बसल्यासारख्या. क्रीम वाईट नव्हतं हो. कातडी लुसलुशीत झाली होती, मी हात लावून पाहिली.

पण घरात आबा होते, अक्कांचे यजमान. तीस वर्षं जिनिंगमध्ये काढलेली. कापसाच्या यंत्रांच्या घरघरीत कान हळूहळू गेले होते. मशीन लावा म्हटलं तर म्हणायचे, एका यंत्रानं कान नेले, आता दुसऱ्याकडे मागायला जाऊ का? आणि त्यांचं काही अडायचंही नाही. अक्का बोलल्या की ते बरोब्बर उत्तर द्यायचे. आम्हाला वाटायचं, थोडंफार येत असेल ऐकू.

दीड महिन्यानं आबा माझ्याकडे आले आणि ओट्यावर बसून राहिले. जेवण निम्म्यावर आलेलं. न सांगता अंगण झाडलं, पाणी भरलं, जिलेबी आणून दिली, तरी तिच्या मनातला राग उतरत नाही, म्हणाले. माझं काय चुकलं तेही सांगत नाही. उद्या पहूरला बहिणीकडे जातो, मग बघू. सदतीस वर्षांच्या संसारात हा माणूस बायकोला सोडून एक रात्र कुठं राहिला नव्हता.

सकाळी मी पोचले तेव्हा आबा पिशवी घेऊन दारात उभे. अक्का विचारत होत्या, कुठं निघालात. आवाज रडवेला, आणि चेहरा कोऱ्या पाटीसारखा. आबा त्या चेहऱ्याकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "मन्हावर राग शे का?"

अक्का म्हणाल्या, नाही हो, राग कसला. तोंडावरची रेघ हलली नाही. आबांनी चपला पायात सरकवल्या.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. मी म्हटलं, "अक्का, त्यांना ऐकू येत नाही. एक शब्दही येत नाही. इतकी वर्षं ते तुमचा चेहरा वाचतायत."

अक्का माझ्याकडे वळल्या, मग आबांकडे. आणि आधी कपाळ आकसलं, मग नाक, मग डोळे, ओठ, सगळा चेहरा एकदम गोळा झाला. रडत होत्या की हसत होत्या, मला काही सांगता यायचं नाही. आबांना मात्र सगळं समजलं. त्यांनी पिशवी खाली ठेवली आणि खुर्चीत बसत म्हणाले, "आते बठ्ठं समजनं. चहा टाक."

आबांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. अक्का एकट्याच असतात, पण बोलताना अजून भुवई, नाक, गाल, सगळं कामाला लावतात, समोरच्याचे कान चांगले असले तरी. रेघा म्हणशील तर मोजायची सोय नाही. फोनवर मात्र त्या मला निम्म्याच भेटल्यासारख्या वाटतात. तू त्यांना नुसते फोन करतेस. आज तुझी गाडी आहे, राहू दे. पण या दिवाळीआधी दोन दिवस काढून ये, आपण दोघी देवपुरात जाऊ आणि त्यांच्या अगदी समोर बसू. नक्की ये हं, फार लांबवू नकोस.