काऊचा घास काऊला

खोटं मला सहन होत नाही, देवाच्या नावावर असलं तरी नाही. बडोद्यात पक्ष्यांसाठी काम करणाऱ्या आमच्या छोट्या गटाची पत्रकं मीच लिहिते. घुबड अपशकुनी नसतं, कावळ्याला पाहुण्यांची बातमी कळत नाही, मुलांना असल्या थापांवर वाढवू नका, असं मी मांजलपूरच्या सोसायट्यांत दारोदार जाऊन सांगितलं आहे. दर गुरुवारी दत्ताच्या देवळात जाते, तेही त्याच ताठ्याने. पण गेल्या हिवाळ्यात माझा खरेपणा घरातल्या चार वर्षांच्या पोरीच्या जिवावर उठला, ते लिहायलाच हवं.

माझी भाची रेवा टायफॉइडमधून नुकतीच उठली होती. तोंडाला चव नव्हती. ताई एक घास चिऊचा, एक काऊचा करत भरवायची, तेव्हा कुठे वाटीभर मऊ भात पोटात जायचा. मंगळवारी वाटी माझ्या हातात आली. रेवाने विचारलं, "काऊचा घास मी खाल्ला, मग काऊ काय खातो?" मी सरळ सांगून टाकलं, "काऊ येतच नाही. सगळे घास तुझेच असतात. आई तुला फसवते."

रेवाने तोंड मिटलं ते मिटलंच. "काऊ उपाशी आहे," एवढंच म्हणायची. बुधवारी चार चमचे पाण्यापलीकडे काही गेलं नाही. गुरुवारी दुपारपर्यंत खाल्लं नाही तर भरती करा, असं डॉक्टरांनी सांगितलं. मग मी माझा शब्द गिळला, काऊ येतो म्हणाले. "तूच म्हणालीस येत नाही," असं म्हणून ती भिंतीकडे वळली. ताई म्हणाली, "आता तुझं पत्रक भरव तिला."

गुरुवारी सकाळी देवळात गेले, ती माफी मागायला नव्हे, भांडायला. मी खोटं बोलले नाही, मग शिक्षा तिला का? बाहेर चबुतऱ्यापाशी एक म्हातारी बाई पक्ष्यांना बाजरी टाकत होती. जवळच्या सावली गावाहून आलेली, खांद्याला कापडी पिशवी. माझे डोळे पाहून तिने आपल्या मुठीतले दाणे माझ्या ओंजळीत ओतले. का कोण जाणे, मी सगळं सांगून टाकलं. तिने ऐकलं आणि एवढंच विचारलं, "आवतो नथी? ते कोई दी बोलाव्यो छे?"

मी कधी बोलावलंच नव्हतं. जेवणाआधी कावळ्यासाठी घास बाहेर ठेवायची रीत आमच्याकडे होती; फ्लॅटमध्ये आल्यावर सुटली. नावं तेवढी पक्ष्यांची राहिली, घास सगळे आमच्या तोंडात.

"चाल, घर बताव," म्हणत ती माझ्यासोबत आली. रेवाला भरवायला तिने वाटी उचललीच नाही. पहिला घास रेवाच्या हाताने बाल्कनीच्या कठड्यावर ठेववला आणि आम्हाला मागे बसवलं.

कावळा मला ठाऊक आहे. नव्या जागी, इतकी माणसं टक लावून बसलेली असताना तो सहसा उतरत नाही. हे मीच लिहिलेलं. पाच मिनिटं गेली, दहा गेली. रेवाचे ओठ सुकलेले. आणि मी मनात म्हणत होते, दत्ता, मला खोटी ठरव. जन्मात असं मागणं मी कधी मागितलं नव्हतं.

समोरच्या टाकीवरून एक कावळा आला, मान वाकडी करून पाहिलं, घास उचलून गेला. रेवा हळूच म्हणाली, "आता माझा."

ताई चहा टाकायला उठली, तर बाई हसून "पछी क्यारेक", पुन्हा कधीतरी, म्हणाली आणि बस पकडायला निघाली. नाव विचारायचं राहून गेलं. त्यानंतर किती गुरुवार शोधलं, दिसली नाही. भात दिसला म्हणून कावळा आला, असं कुणी म्हटलं तर मी वाद घालणार नाही. माझ्यापुरतं उत्तर मला मिळालं आहे.

वाटी संपताना रेवाने शेवटचा घास माझ्यापुढे धरला. "हा मावशीचा." तिला भूक आहे, तिनेच खावा, असं मी समजावू लागले. "आधी आ कर," ती म्हणाली. बोलायला तोंड उघडणं मला नेहमीच येत होतं. दत्ताने त्या दिवशी ते घास घ्यायला उघडायला लावलं. भात गार झाला होता, मीठही कमी होतं. मी तो डोळे मिटून खाल्ला, प्रसाद खातात तसा.