नावेच्या तळाचा रंग

काल थेरगावात आमच्या गच्चीला वॉटरप्रूफिंगचा रंग लावत होते. त्या वासाने मी एकदम इंद्रायणीकाठी पोचलो. तेव्हा मी चाकणला एका कंपनीत पेंट शॉपला होतो. पालथ्या घातलेल्या आमच्या नावेच्या तळाला मी डांबराऐवजी लोखंडाला मारायचा रंग लावत होतो.

वडिलांनी, अण्णांनी, फळीवर अंगठा दाबून पाहिला. "लाकूड वलं हाय. आठ दिस सुकू दे की, सायेब!"

"तीन दिवस झाले अण्णा, बास झालं," मी म्हणालो.

आज कळतं, त्या चकचकीत रंगाखाली ओल कोंडली होती आणि फळ्या आतून कुजणार होत्या. नाव पाण्यात ढकलली तेव्हा पलीकडच्या शेतावर जायला आई सगळ्यांत आधी चढली. तिला पोहता येत नव्हतं.