लाल ठिपका आणि पोस्टमनचे डोळे

क्वार्नसेले गावात आणि आसपासच्या वाड्यांवर मी एकतीस वर्षं टपाल वाटलं. आमच्या उत्तरेत डिसेंबरात दुपारी दोनलाच अंधार पडतो, तरी गाडीतला दिवा न लावता मी पाकिटावरचा पत्ता वाचतो, असं मी सांगायचो. खरं तर त्या रस्त्यावर घरं एकोणीस, आणि कोणाला कुठून पत्र येतं ते मला पाठ होतं. पण एवर्टचे, म्हणजे माझे, डोळे घारीचे, ही कीर्ती एकदा पसरली (मीच पसरवली), की ती सांभाळावी लागते. पासष्टी आली तरी मला चष्मा नाही, हा विषय मी कॉफीच्या प्रत्येक बैठकीत एकदा तरी काढायचो. माझी बायको माइवोर तेवढ्यात उठून भांडी विसळायला जायची.

आमच्या गावच्या शिकारमंडळाची प्रमुख म्हणजे माझी थोरली मेहुणी सिगब्रिट. वय एकाहत्तर. शाळेची बस चालवून निवृत्त झाली, पण अजूनही सगळ्या जगाला मागच्या सीटवरची पोरं समजते. तिचा नियम असा, की ऑगस्टमध्ये सरावाच्या मैदानात रुळावरून धावणाऱ्या लाकडी मूसला, म्हणजे घोड्याएवढ्या हरणाच्या फळीला, ज्यानं चार गोळ्या नीट मारल्या नाहीत, त्याला सप्टेंबरात मचाण मिळणार नाही.

त्या वर्षी मी चारांतली एक मारली. तीही ढुंगणावर.

"एवर्ट," मंडळातला म्हातारा आल्गोट म्हणाला, "तो मूस आता खुर्चीवर बसणार नाही. पण मरणारही नाही."

खरी गोष्ट अशी होती, की नळीच्या टोकाची माशी मला दिसत होती, पण जिच्यातून ती बघायची ती मागची खाच म्हणजे नुसतं धुकं. पण मी म्हणालो, "रूळ वाकडा आहे."

"रूळ तूच बसवलास," सिगब्रिट म्हणाली. "मे महिन्यात. जा, लाल ठिपक्याची साइट घेऊन ये. खाच नको, माशी नको. दोन्ही डोळे उघडे ठेवायचे, ठिपका जनावरावर टेकवायचा, चाप ओढायचा. तुलासुद्धा जमेल."

मी शहरात जाऊन साइट आणली. बोटभर लांबीची काळी नळी. बंदुकीवर बसवली, आत बघितलं. ठिपका कुठला! बुटाखाली चिरडलेलं लिंगोनबेरीचं लालभडक फळ. एका बाजूला शेपूट, दुसऱ्या बाजूला शिंतोडे. मी तडक दुकानात परत गेलो आणि जरा आवाज चढवूनच म्हणालो, "फुटका माल दिलात."

दुकानदारानं आत बघितलं. "गोल आहे की."

"मला दिसतंय ना!"

त्यानं बिचाऱ्यानं दुसरी काढून दिली. तिच्यातही तेच फळ, तीच शेपूट. मग तो शांतपणे म्हणाला, "आता बघता बघता ती हातात हळूहळू फिरवा. ठिपक्याची शेपूट फिरते का?"

मी फिरवली. शेपूट होती तिथेच.

"दोष काचेत असता, तर शेपूट काचेबरोबर फिरली असती," तो म्हणाला, आणि पुढचं वाक्य सभ्यपणे गिळलं.

मला सगळं समजलं होतं. तरीही न समजल्यासारखं करायचं मी ठरवलं आणि घरी आलो. तळघरात बसून साइटवरच्या बटणाशी खेळताना एक शोध लागला: प्रकाश अगदी कमी केला, की ठिपका लहान होतो आणि बऱ्यापैकी गोल दिसतो. झालं! सर्वांत मंद आकड्यावर साइट ठेवली. एका ढगाळ संध्याकाळी लाकडी मूसला चारही गोळ्या घातल्या आणि आल्गोटकडे बघून भुवया उडवल्या. त्या दिवशी मला रात्रीचं जेवणसुद्धा गोड लागलं.

सप्टेंबरचा पहिला सोमवार उजाडला. मला सात नंबरचं मचाण मिळालं. दहाच्या सुमाराला स्वच्छ ऊन पडलं, बर्चची झाडं पिवळीधमक पेटली, आणि आल्गोटची कुत्री टेक्ला भुंकत भुंकत माझ्याच दिशेनं येऊ लागली. तिच्यापुढे मूस. नर. शिंगं अशी, की दारातून तिरकी न्यावी लागतील. तो माझ्यापासून चाळीस पावलांवर आडवा उभा राहिला आणि कुत्रीकडे तुच्छतेनं बघू लागला.

मी बंदूक उचलली. काचेत मूस होता, झाडं होती. ठिपका नव्हता. तळघरातला माझा मंद दिवा त्या उन्हात कुठच्या कुठे विरून गेला होता. घाईघाईनं बटण फिरवलं, तेही उलटं. होता नव्हता तो ठिपका विझला. पुन्हा फिरवलं. बटणावरचे आकडे दिसेनात. आणि खरं सांगायचं तर ते मला कधीच दिसले नव्हते. मूसनं एकदा मान वळवून माझ्याकडे पाहिलं आणि सावकाश निघून गेला.

रेडिओवर सिगब्रिटचा आवाज आला. "सात नंबर? काही आलं का?"

"काही नाही," मी म्हणालो. "अगदी शांत आहे."

मग आल्गोट खाकरला. "एवर्ट, टेक्लाच्या गळ्यात जीपीएसचा पट्टा आहे. ती कुठे आहे ते आम्हा सगळ्यांच्या फोनवर दिसतं. तुझ्या मचाणासमोर ती सहा मिनिटं उभी राहून भुंकत होती. कोणावर? तुझ्यावर?"

रेडिओवर सतरा माणसं एकदम हसली, की तो नुसता खरखरतो. मी तो बंद केला.

दुपारी शेकोटीपाशी मी सिगब्रिटला सगळं सांगून टाकलं. ती हसली नाही. हसली असती तर बरं झालं असतं.

"ठिपका अर्धवट दिसला असता, तर तू चाप ओढला असतास?" तिनं विचारलं.

"बहुतेक."

"आणि जनावर जखमी होऊन जंगलात शिरलं असतं. आल्गोट आणि टेक्ला दोन दिवस त्याचा माग काढत फिरले असते. तुझ्या घारीच्या डोळ्यांपायी." तिनं सॉसेज काडीवरून काढून माझ्या हातात दिलं. "खा. उद्या आठला गाडीत बस."

चष्म्याच्या दुकानातली डोळे तपासणारी मुलगी माझ्या नातीच्या वयाची होती. तिनं भिंतीवर ओळ दाखवली. सवयीप्रमाणे मी अंदाजानं धडाधड वाचत सुटलो.

"काका," ती हळूच म्हणाली, "ती अक्षरं नाहीत. आकडे आहेत."

तिनं सांगितलं, की जवळचं दिसत नाही ते वयामुळे. पण माझ्या डोळ्याचा पुढचा पडदा गोल नाही, अंड्यासारखा आहे, तो बहुधा तरुणपणापासूनच. ठिपक्याला शेपूट त्यानंच लावली होती.

मागच्या खुर्चीवरून सिगब्रिट म्हणाली, "तरीच माझी विजेची बिलं शेजारी जायची."

चष्मा यायला दहा दिवस लागले. तोवर मी आल्गोटच्या मागे मागे दलदलीतून जनावरं उठवायला हाकारे घालत फिरलो. चष्मा लावून घरी पोचलो, तर अंगणातच थबकलो. दोन वर्षांपूर्वी खिडक्यांना पांढरा रंग मीच दिला होता. त्याचे ओघळ खाली भिंतीपर्यंत आले होते.

"माइवोर, हे कधीपासून असं आहे?"

"तू रंगवलंस तेव्हापासून," ती म्हणाली. "मला वाटलं, तुला आवडतंय."

मूसच्या माजाच्या दिवसांपुरती थांबलेली शिकार ऑक्टोबरात पुन्हा सुरू झाली तेव्हा गवतावर दहिवर गोठलेलं होतं. माझ्या मचाणासमोर मादी आली आणि तिच्यामागे पाडस. प्रकाशाचं बटण मी सकाळपासून चार वेळा तपासलं होतं. दोन्ही डोळे उघडे ठेवले. ठिपका गोल, स्वच्छ, पाडसाच्या खांद्यामागे टेकलेला. एक गोळी. पाडस वीस पावलं चाललं आणि कोसळलं. मादी बराच वेळ थांबून मग गेली. मी रेडिओवर जे घडलं ते घडलं तसं सांगितलं आणि बाकीचे येईपर्यंत मचाणावरच बसून राहिलो.

आल्गोट आला, मागोमाग सिगब्रिट. "पाडस? त्याची आई फार मोठी होती म्हणून दिसली नाही का?"

"आई मारली तर पाडस हिवाळ्यात भुकेनं मरतं, म्हणून आधी पाडसच मारायचं असतं," सिगब्रिट म्हणाली. "बरोबर केलं त्यानं."

ती असं कोणाला म्हणत नाही. त्या कौतुकानं मी इतका हुरळलो, की पाडस रस्त्याकडे ओढून नेताना शेवाळावरून घसरलो आणि तोंडावर आपटलो. चष्मा उडाला. आम्ही तिघं गुडघ्यांवर बसून चाचपत होतो. मी सर्वांत निरुपयोगी. शेवटी सिगब्रिटला तो सापडला. तिनं तो शर्टाला पुसला, स्वतःच माझ्या नाकावर बसवला आणि म्हणाली, "ऊठ. मागचे पाय तू धर."