गयामावशी आणि खारी माती

गयामावशींना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या माती खात होत्या. मुलुंड पूर्वेला आमच्या इमारतीमागे, खाडीच्या अंगाला, जमिनीची एक ओसाड पट्टी आहे. तिथे उकिडव्या बसून त्यांनी चिमूटभर माती जिभेवर ठेवली नि थुंकली. मी किंचाळलेच.

"ओरडतेस काय गं? खारट किती ते बघतेय."

मी शेतकी पदवीधर, बियाण्यांच्या कंपनीत नोकरीला. ऐटीत म्हटलं, "मावशी, या जमिनीत भाजी येणार नाही."

"तू शिकलीस. झाडं कुठं शिकलीत?"

मावशींनी एका शेतकी प्रयोगशाळेत वीस वर्षं काचेची भांडी धुतली होती, आणि कान उघडे ठेवले होते. शेवग्याचा कोवळा पाला वाटायचा, फडक्यातून रस गाळायचा, वाटीभर रसाला तीस वाट्या पाणी. त्यात वांग्याचं बी भिजवायचं, रोपं धरली की तेच फवारायचं. "मीठ कुठं जात नाय पोरी. रोपाला ते सोसायचं बळ द्यायचं."

त्या पट्टीत मावशींनी वांग्यांच्या ओळी लावल्या. एका ओळीला मात्र त्या रस देत नव्हत्या. का, विचारलं तर म्हणाल्या, "सगळ्यांना दिला तर कळणार कसं, रसानं जगली का नशिबानं?"

हे मला कॉलेजात तीन वर्षं शिकवलं होतं.

दोनेक महिन्यांत त्या उपाशी ओळीची पानं कडेनं करपली. शेजारच्या ओळींना जांभळी फुलं. विश्वास बसेना म्हणून मुळं बघायला मी एक रोप उपटायला गेले, तर मावशींनी हातावर चापट मारली.

मग मोठं उधाण आलं. खाडीचं पाणी गटारातून उलटं आत शिरलं आणि दोन दिवस साचून राहिलं. सगळ्या वांग्यांनी माना टाकल्या. मावशी घोटाभर पाण्यात नुसत्या उभ्या होत्या. "वाट लागली," म्हणाल्या. मग एक आडवं झालेलं रोप उपटून म्हणाल्या, "रस म्हणजे जादू नाय गं. हे त्याच्या हाताबाहेरचं." पाणी ओसरल्यावर त्यांनी नळाच्या पाण्यानं आठवडाभर माती धुतली, शेणखत घातलं, पुन्हा बी भिजवलं.

नवी रोपं वीतभर झाली होती. त्या सकाळी भेटल्या तेव्हा म्हणाल्या, "ऊन उतरलं की फवारू. लवकर ये." अकरा वाजता ऑफिसात त्यांच्या सुनेचा फोन आला.

"ताई, आई गेल्या."

"कुठे गेल्या?" मी विचारलं. खरंच विचारलं.

आजार काही नव्हता. पाला वाटून झाला, उठायला गेल्या आणि कलंडल्या. संध्याकाळी सगळं उरकून आम्ही परतलो तेव्हा वाटलेला पाला पातेल्यात तसाच होता.

"उद्यापर्यंत आंबेल हा," सून म्हणाली.

मला रडू येत नव्हतं. मी फडकं मागितलं, रस गाळला. ती फवारणीचा पंप घेऊन माझ्याबरोबर निघाली. दोघींनी शेवटच्या रोपापर्यंत फवारलं. परत फिरताना ती एकदम थांबली.

"ताई, सकाळपासून त्यांनी चहासुद्धा घेतला नव्हता हो. मी विचारलंच नाही."

तेव्हा कुठे मी तिथेच, ओल्या मातीत, खाली बसले.