पोतनीस सरांचा शेवटचा क्लास

पोतनीस सर आज पहाटे गेले.
त्यांची शेवटची विद्यार्थिनी मी. वय एकेचाळीस.

मी एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये रिसेप्शनला होते. टेक्निशियन व्हायचं तर बारावीला बायोलॉजी लागतं, आणि माझी बारावी कॉमर्सची. म्हणून ओपन स्कूलचा फॉर्म भरला आणि आमच्या हिंदी बोलणाऱ्या शहरात, सिटी सेंटर भागातल्या एका कोचिंगमध्ये बेसिक्सच्या बॅचला नाव घातलं.

त्याच बॅचमध्ये माझी मुलगी होती. गार्गी. अकरावीत.

पहिल्याच दिवशी जिन्यात म्हणाली, "मम्मी, प्लीज, क्लास में मुझसे बात मत करना."

मी मागच्या बाकावर जाऊन बसले. पोरं वळून बघायची. कुणी तरी मला "आंटी, फीस नीचे जमा होती है" असंही सांगितलं.

इतकी लाज मला लग्नात सासरच्यांसमोर गाताना पण वाटली नव्हती.

शिकवायला पोतनीस सर. सरकारी शाळेतून रिटायर झालेले, राहायला थाटीपुर भागात. पेशी हा एकच धडा ते इतका रंगवायचे की बेल झालेली कळायची नाही. मला मात्र निम्मं डोक्यावरून जायचं, आणि हात वर करायची हिंमत नव्हती.

मग तो दिवस आला.

सरांनी फळ्यावर पेशी काढली. बाहेरची रेघ, आतला सायटोप्लाझम, मधोमध गोल. गोलाला बाण काढला आणि खडू तिथंच थांबला.

"याला म्हणतात..."

शब्द येईना.

कुणी तरी म्हणालं, "सर, न्यूक्लियस." मागून हसू फुटलं. सरांनी लिहिलं, पुढचा बाण काढला, परत थांबले. आता सगळा क्लास हसत होता.

सरांनी फळा पुसला. "आज इतकंच," म्हणाले, आणि निघाले. माझ्या बाकाजवळून गेले तेव्हा मान खाली होती. माझीही.

पुढच्या आठवड्यात नवीन सर आले. ते इतके फास्ट की मला उरलेलं निम्मंही कळेना.

शेवटी एका रविवारी शेअरचा टेम्पो पकडून मी थाटीपुरला सरांच्या घरी गेले. सरांच्या बायकोनं, काकूंनी, दार उघडलं. आतून सरांचा आवाज आला, "सांग त्यांना, मी घरी नाही."

काकू बिचाऱ्या माझ्याकडे बघतच राहिल्या.

मी दारातूनच ओरडले, "सर, मला ऑस्मोसिस कळलं नाही!"

"पुस्तक वाचा."

"वाचलं. तरी नाही कळलं!"

मग सर बाहेर आले. बनियनवर शर्ट घालत होते, बटणं वर-खाली लागलेली.

"मला आजार आहे विसरण्याचा," म्हणाले. "डॉक्टरांनी सांगितलंय. मध्येच अडकलो तर?"

"शब्द मी सांगीन."

"आणि तुम्हाला पण नाही आला तर?"

"तर दोघं मिळून पुस्तकात बघू."

तेव्हा ते पहिल्यांदा हसले.

डायनिंग टेबलवर शिकवणी सुरू झाली. काकू काकडी चिरत होत्या. सर म्हणाले, "कोशिंबिरीत मीठ घातलं की पाणी का सुटतं, सांगा."

मला काय माहीत. आयुष्यभर कोशिंबीर करत आले, कधी विचारच केला नाही.

"बाहेर खारट झालं ना, म्हणून आतलं पाणी बाहेर पडतं. पेशीची ती... पातळ... कोणाला येऊ द्यायचं, कोणाला नाही, ते ठरवते ती..."

"मेम्ब्रेन?"

"हां. ती. पाण्याला सोडते, मिठाला सहजी सोडत नाही."

शब्द जायचे. समज मात्र जागेवर होती. नावं मी पुरवायची, अर्थ सरांनी सांगायचा, असं आमचं दर रविवारी चालायचं.

गार्गी मला न्यायला स्कूटी घेऊन यायची. गेटबाहेरच थांबायची, आत नाही यायची.

एकदा आम्ही दोघंही अडकलो. पेशी दुभंगते तेव्हा क्रोमोसोम मधोमध ओळीत उभे राहतात, त्या टप्प्याचं नाव सरांना आठवेना आणि मलाही. मी पुस्तकात शोधत होते, तेवढ्यात दारातून आवाज आला.

"मेटाफेज, सर."

सरांनी चष्मा वर केला. "ही कोण?"

गार्गी चपला काढून आत आली. "सर, मी... या माझ्या मम्मी आहेत."

मला टेबलावरची वही दिसेना. काकूंनी तिच्यासाठी पण चहा टाकला.

मी पास झाले. पेढे घेऊन धावतच गेले. सर अंगणात खुर्चीवर बसले होते. काकू म्हणाल्या, "अहो, वैशाली आली."

त्यांनी मला ओळखलं नाही.

"या. क्लाससाठी आलात का?"

माझं नाव, माझा रिझल्ट, सगळं त्यांना कळावं असं इतकं वाटत होतं की स्वतःचीच लाज वाटली. त्यांचं एवढं जात होतं, आणि मला शाबासकी हवी होती.

"हो, सर."

"पहिल्यांदाच बायोलॉजी? मग लाजू नका. बसा."

मी बसले.

"प्रत्येक जिवंत गोष्ट पेशींची बनलेली असते," त्यांनी सुरुवात केली. "काहींची एकच पेशी असते, आणि तेवढ्यात त्यांचं सगळं भागतं..."

सगळा धडा सांगितला. जिथं अडले तिथं मी शब्द दिला. पेढ्यांचा डबा मांडीवर तसाच.

आज सरांच्या घरी खूप लोक होते. सरांचे जुने विद्यार्थी, त्यात मोठमोठे डॉक्टर. सगळे जुन्या सरांबद्दल बोलत होते. शेवटच्या वर्षांचा विषय निघाला की आवाज हळू व्हायचा. एक जण म्हणाले, "जाने दो, आखिर में तो कुछ बचा ही नहीं था."

मी तिथंच उभी होते. एवढ्या शिकलेल्या लोकांत माझं तोंड उघडलं नाही.

म्हणून इथं लिहिते आहे. बचा था. त्या दिवसांत सर शिकवत होते, आणि मी शिकत होते.

सर, तुम्हाला वाकून नमस्कार.