मखरातली मांजर

समोरच्या ब्लॉकमधले काका जिन्यातल्या मांजरीला रोज सकाळी आधी शिव्या घालायचे आणि मग दूध. आमच्या पनवेलच्या त्या बिल्डिंगीत सगळ्यांत मोठा आवाज त्यांचा. गणपतीत त्यांनी झांजा वाजवायला घेतल्या की माझ्या भिंतीवरचं कॅलेंडर हलायचं. थर्माकोलचं मखर ते महिनाभर कोरत बसायचे आणि कुणाला त्याला बोटही लावू द्यायचे नाहीत.

त्या वर्षी चतुर्थीच्या सकाळी त्यांनी मला हाक मारली. "वहिनी, हिनं आज दूध नुसतं हुंगून सोडलं. सारखी शेपटीखाली चाटतेय, तोंड उघडून धापा टाकतेय. आज विणार बघा."

मी त्यांच्या घरात गेले तर मांजर मखरात शिरली होती आणि आतलं मखमली कापड पंजांनी उकरत होती. मी तिला उचलायला वाकले.

"हात लावू नका. जागा तिनं निवडलीय."

गणपतीसाठी त्यांनी दुसऱ्या कोपऱ्यात साधा पाट मांडला. खालच्या मजल्यावरच्या काकू दारातूनच म्हणाल्या, "अहो, घरात बाळंतपण म्हणजे सोयर! गणपती कसा बसवणार?"

"का? तिचं नि माझं गोत्र एक आहे?" काका खेकसले.

आरतीला मात्र त्यांनी झांजा काढल्याच नाहीत. हलक्या टाळ्या वाजवत, ओठांतल्या ओठांत ते म्हणत होते, डोळे मखराकडे लावून. मधेच तिथून बारीकसं 'म्यांव' आलं आणि काका पुढचं कडवं विसरले.

मग ते मी म्हटलं, तेवढ्याच हळू.